कोळशाच्या राखेचे दीर्घकालीन श्वसन : प्राण्यांवरील प्रयोग आणि आपले रुग्णपरीक्षण

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, दीपनगर, एकलहरे ही नावे आपल्याला औष्णिक वीजकेंद्रांमुळे परिचित आहेत. या परिसरांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे कास आणि श्वासाचे रुग्ण नित्य येतात व बहुतेकांचे बोट राखेकडे असते. ही राख फुप्फुसात नेमके काय करते, याचा शोध प्राण्यांवरील दीर्घ मुदतीच्या प्रयोगांतून पुष्कळ घेतला गेला आहे. त्या प्रयोगांचे सार व त्याचा आपल्या चिकित्सेशी असलेला संबंध येथे मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

प्रथम द्रव्याचा विचार करू. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः 30 ते 45 टक्के असते. भट्टीत वितळून धुराबरोबर वर जाणारी ती फ्लाय अॅश. तिच्यात सिलिका, अॅल्युमिना व लोहाची संयुगे मुख्य असून निकेल, व्हॅनेडियम, आर्सेनिक अल्पांशाने असतात. कण बहुधा काचेसारखे गोल, काही तर आतून पोकळ, त्यामुळे पाण्यावर तरंगणारे. रसशाळाचालकांना येथे वारितर परीक्षा आठवेल. परंतु हे तरंगणे पोकळपणाचे आहे, मारणाचे नव्हे. सूक्ष्मतेच्या बाबतीत मात्र बराचसा भाग रेखापूर्णतेच्या कसोटीला सहज उतरेल, आणि धोका तेथेच आहे. मोठे कण नासा व कंठात अडकतात. पाच मायक्रॉनहून लहान कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

आता प्रयोग. 1970च्या दशकात अमेरिकेत माकडे व गिनिपिग यांना जवळजवळ अखंड राखयुक्त हवेत ठेवण्यात आले. माकडांच्या बाबतीत हा काळ 78 आठवडे होता. राखेचे प्रमाण दर घनमीटर हवेत सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत होते. केवळ राखेमुळे झाली असे म्हणता येईल अशी लक्षणीय विकृती आढळली नाही. याउलट 1981 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हॅमस्टरना दिवसाला सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, वीस महिन्यांपर्यंत घनमीटरला सुमारे 70 मिलिग्रॅम राख देण्यात आली. त्यांची फुप्फुसे जड झाली, राखेचा संचय झाला, वायुकोशांमधील भित्तींत प्रतिक्रिया उमटली व कोशांच्या अस्तराचे स्वरूप पालटले. तरीही प्राण्यांचे आयुष्यमान घटले नाही.

हे आकडे वाचताना प्रमाण विसरू नये. आपल्या देशात 2009च्या मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे माकडांना त्याच्या पाचपट, तर हॅमस्टरना सातशेपट मात्रा मिळाली. राखेच्या ढिगावर फावडे चालविणाऱ्या मजुराची गणना या दोहोंमध्ये कोठेतरी करावी लागेल. गावातील सामान्य रहिवाशाची नव्हे.

शुद्ध क्वार्ट्झच्या धुळीने पांढऱ्या उंदरांच्या फुप्फुसात जी वाढत जाणारी तंतुमयता येते, तशी राखेने सहसा येत नाही. राखेतील बरेचसे सिलिका काचरूप असते व स्फटिकरूप क्वार्ट्झही पुष्कळदा काचेच्या आवरणात बंदिस्त असते, हे त्याचे कारण मानले जाते. ‘राख म्हणजे सिलिकोसिस’ हे समीकरण म्हणूनच आम्हांस घाईचे वाटते. परंतु ‘राख निरुपद्रवी’ हा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल. वायुकोशांतील भक्षक पेशी हे कण गिळतात, आणि अति भार झाला की त्यांची हालचाल मंदावते. लहान उंदरांवरील 1980च्या दशकातील प्रयोगांत राखेच्या श्वसनानंतर या पेशींच्या कार्यात बदल दिसून आले. शिवाय, कोशांत रुतलेले कण उंदीर दोन-अडीच महिन्यांत निम्मे बाहेर टाकतो. मनुष्याला त्यास वर्षभराहून अधिक लागू शकते. प्रयोगातील प्राणी तरुण, निरोगी, एकाच धुळीचा सामना करणारे असतात. आपला रुग्ण विडी ओढतो, चुलीचा धूर घेतो व अनेकदा अर्धपोटी असतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात हिक्काश्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण सारे शिकलो. तरी कर्माची चौकशी मागे पडते. आम्हीही यास अपवाद नाही. राखेच्या विटा पाडणाऱ्या कारखान्यातील एका तरुणाचा शुष्क कास वातज समजून आम्ही तीन महिने सितोपलादि व वासावलेह देत राहिलो. तो काय काम करतो हे विचारले ते वजन घटल्यावर. क्ष-किरण व थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. राखेनेच क्षय झाला असे एका रुग्णावरून म्हणता येत नाही. परंतु सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांना क्षयाचा धोका अधिक असतो हे सिद्ध आहे, आणि आमचे तीन महिने वाया गेले हेही खरे.

यापुढे दोन आठवड्यांहून अधिक कास असणाऱ्या अशा रुग्णाची थुंकी तपासल्याविना आम्ही दीर्घ चिकित्सा आरंभीत नाही. त्यास धूमपान देण्याचेही टाळतो. ज्या स्रोतसात आधीच कणांचा संचय आहे तेथे आणखी धूर घालणे आम्हांस युक्त वाटत नाही. वासा, यष्टिमधु, पिप्पली यांनी लक्षणांचा उपशम होतो, पण रुतलेली राख औषधाने ‘धुऊन निघते’ असे आश्वासन रुग्णास देऊ नये. औषधांच्या वेष्टनावर तर मुळीच छापू नये.

रसशाळाचालकांसाठी आणखी एक गोष्ट. अभ्रकादी खनिजे कुटताना व चाळताना उठणारी धूळ, तसेच कोळशाच्या बॉयलरची राख काढणारा कामगार, हे आपल्याच छपराखालचे आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. राख ओली करून काढणे, चाळणीवर आच्छादन व शोषक पंखा बसविणे, चांगल्या बसणाऱ्या मुखपट्ट्या देणे आणि वर्षातून एकदा क्ष-किरण तपासणी करणे, एवढी व्यवस्था लहान रसशाळेसही परवडते. राखतलावांच्या आसपास वाळविलेल्या वनौषधी मात्र घेऊच नयेत. पाने धुतली तरी लवांच्या मुळाशी बसलेली राख निघत नाही व चूर्णाची अम्ल-अविद्राव्य भस्माची मर्यादा त्यामुळे ओलांडली जाते.