एकवीस वर्षांनी पोहोचलेला खेळ

खूप मेहनत घेतलेले तुमचे एखादे काम कधी अर्ध्यावरच थांबले आहे का? एका प्रसिद्ध संगणक-खेळाच्या बाबतीत तसेच झाले.

कॅनडातील एडमंटन शहरात १९९५ साली बायोवेअर ही कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांत तीन डॉक्टर होते. या कंपनीने तयार केलेला 'बाल्डर्स गेट' हा खेळ डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आला. तो पाच सीडींवर होता. यात खेळणारा एका अनाथ तरुणाची किंवा तरुणीची भूमिका घेतो. ग्रंथालय असलेल्या किल्ल्यात तो वाढलेला असतो. त्याला सांभाळणारा गोरायन मारला जातो आणि त्याचा प्रवास सुरू होतो. वाटेत सोबती मिळतात. कोणाशी काय बोलावे, कोणाला मदत करावी, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे असते.

खेळ लोकांना फार आवडला. तो टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आणण्याचेही काम सुरू झाले. पण उर्दूतील गोष्ट मराठीत आणताना नुसते शब्द बदलून भागत नाही, वाक्याची रचनाही बदलावी लागते. येथेही तसेच होते. संगणकावर माउस होता, तर प्लेस्टेशनवर मोजकी बटणे. संगणकाला किमान १६ मेगाबाइट स्मृती लागे. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती होती फक्त २ मेगाबाइट!

प्लेस्टेशनसाठी बरेच काम झाले, पण ती आवृत्ती रद्द झाली. ड्रीमकास्ट यंत्रावरची आवृत्तीही आली नाही. त्या यंत्राचे उत्पादनच २००१ मध्ये थांबले.

पुढे २०१२ मध्ये बायोवेअरच्या काही जुन्या सहकाऱ्यांनी बीमडॉग कंपनीतर्फे खेळाची सुधारित आवृत्ती काढली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि निन्टेन्डो स्विच या यंत्रांवर आली. प्लेस्टेशन ४ ची स्मृती ८ गिगाबाइट, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनच्या चार हजार पटींहून अधिक होती.

पहिल्या आवृत्त्यांवर राबलेल्यांची मेहनत दुकानात कधीच दिसली नाही. म्हणून ते कमी कुशल होते, असे म्हणता येईल का? कधी कधी कल्पना तयार असते. साधन मात्र मागे राहिलेले असते.

शब्दार्थ : अनाथ – यतीम, ग्रंथालय – कुतुबखाना, सोबती – साथी, स्मृती – याददाश्त.

स्वाध्याय
१. खेळ प्लेस्टेशनवर आणणे कठीण का होते?
२. लेखकाने भाषांतराचे उदाहरण का दिले आहे?
३. तुमच्या अर्ध्यावर राहिलेल्या एका कामाविषयी पाच वाक्ये लिहा.