घरात शिरलेली पाकोळी

आपल्या मौद्यात दिवेलागणीला कवेलूच्या फटीतून पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, घरात शिरली की काय होतं? आरडाओरडा, अन् कुणीतरी झाडू उचलतंच! थांबा. आधी पंखा बंद करा, पात्याचा फटका लागला तर ती वाचत नाही. दिवा मालवा, दार-खिडकी उघडा. थोड्या वेळात ती आपली आपण निघून जाते.

ती आंधळी नसते, केसांत अडकायलाही येत नाही. आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून प्रतिध्वनीवरून ती किडे पकडते, त्यात धानाच्या बांधीवरचे पतंगही आले.

मोठं फळखाऊ वटवाघूळ वेगळं. मोहाच्या परागीकरणाला त्याची मदत होते. तरी 1972च्या वन्यजीव कायद्यात ते 'उपद्रवी' ठरलं होतं; 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

पण लाडही नकोत हं! पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका, त्याचा उष्टा पेरू खाऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, कारण रेबीजचा धोका असतो.

कवेलू फेरताना फट बुजवायची असेल, तर आत पिल्लं नाहीत ना, ते आधी बघा. आई बाहेर राहिली तर पिल्लू उपाशी मरतं.