झाकण नसलेले डबे

पेणकरपाडा, मीरा रोड (पूर्व)
२२ जून

चि. मृणाल,

काल ताईने फोनवर तुझा बी.कॉम.चा निकाल सांगितला. मन भरून आलं. दोन कंपन्यांची नोकरीची पत्रं हातात आहेत आणि तुझा प्रश्न आहे, "मामा, या सप्लाय चेनच्या लाईनीत पगार किती, आणि पुढे वाढतो का?" फोनवर एखादा आकडा सांगून मोकळा झालो असतो, पण मग तू फक्त आकडाच धरून बसली असतीस. म्हणून सवडीने लिहितो आहे.

आधी माझीच एक चूक सांगतो. १९९६ साली मी भाईंदरला स्टीलच्या डब्यांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. डबे आमच्याकडे ओढले जायचे, झाकणं बाहेरून जॉबवर्कवर यायची. दसऱ्याच्या सुमारास झाकणांचा टेम्पो आला. परतीचा पाऊस पडत होता, ड्रायव्हर घाई करत होता. मी वरच्या दोन पेट्या उघडल्या आणि चलानावर सही करून दिली. चार दिवसांनी पॅकिंगला बसलो तेव्हा कळलं, की खालच्या अकरा पेट्यांत एक साईज लहान झाकणं आहेत. पॉलिश केलेले चकचकीत डबे ओळीने मांडलेले, आणि एकावरही झाकण बसेना. बदली माल यायला तीन आठवडे लागले. तोवर धनत्रयोदशी होऊन गेली. ज्या दिवशी घरोघरी नवं भांडं घेतात तो दिवसच हुकला, आणि व्यापाऱ्याने माल उचलायला नकार दिला.

मालक मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला वही दाखवली. पत्र्याचे पैसे दिलेले, मजुरी दिलेली, पॉलिशवाल्याचं बिल चुकतं केलेलं, आणि त्या सगळ्यावर बँकेचं व्याज रोज चढतंय. त्या दिवशी मला कळलं की गोदामातला माल म्हणजे अडकून पडलेला पैसा. आणि खोळंबा व्हायच्या आधी तो ज्याला दिसतो, त्यालाच या धंद्यात खरा पगार मिळतो. पुढचं सगळं पत्र या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हिशेब करून बघ. एखाद्या कंपनीला महिन्याला १ कोटीचा कच्चा माल लागतो आणि ती ४५ दिवसांचा साठा ठेवते. तू पुरवठादारांच्या तारखा नीट बांधून घेतल्यास, खपाचा अंदाज सुधारलास आणि उत्पादन कुठेही न अडता तोच साठा ३० दिवसांवर आणलास, तर ५० लाख रुपये मोकळे झाले. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ६ लाख वाचले. मॅनेजरला मोठा पगार मिळतो तो या ६ लाखांतून. केबिन आणि हुद्दा नंतर येतात.

आता आकडे. मुंबई, ठाणे, भिवंडीच्या पट्ट्यात माझ्या पाहण्यातले सांगतो. नव्या पदवीधराला सुरुवातीला १६ ते २२ हजार मिळतात. चार-पाच वर्षांत जो खरेदी किंवा प्लॅनिंग हाताळू लागतो, तो ३५ ते ५० हजारांवर जातो. आठ-दहा वर्षांनी अख्ख्या प्लांटची किंवा विभागाची जबाबदारी घेणारे महिना लाखाच्या पुढे गेलेले मी पाहिले आहेत. आणि दहा वर्षं एकाच डॉकवर गाड्या भरून ३० हजारांवर अडकलेले सुपरवायझरही पाहिले आहेत. कष्टात ते कुणाहून कमी नव्हते. पण गाडी गेटबाहेर पडल्यावर मालाचं काय होतं आणि गेटच्या आत येण्याआधी काय झालं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तुझ्याकडच्या पत्रांकडे येतो. अंधेरीच्या ऑफिसने वर्षाला ३,६०,००० सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणारा एकूण खर्च, लिहिलं आहे, म्हणजे महिना ३०,०००. पण त्यात ३,००० व्हेरिएबल आहेत, ते कामगिरीवर मिळतील किंवा मिळणारही नाहीत. बेसिक १५,००० आहे. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० याच आकड्यात धरलेत. उरले २४,४८०. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० गेला, की हातात २२,७०० च्या आसपास येतात. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही, तेवढे वाचतील.

भिवंडीच्या गोदामाने महिना २०,००० लिहिलेत. पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय लागू होईल, तुझे ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये कापले जातील आणि त्यावर आजारपणात उपचार मिळतील. पीएफ जाऊन हातात साडेअठरा हजारांच्या आसपास. म्हणजे दोन्हींत फरक चार हजारांचा.

आता काम बघ. अंधेरीला दिवसभर ड्रायव्हरांना फोन करून "गाडी कुठे पोचली" ते मेलवर कळवायचं. भिवंडीत जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदी, करायच्या, बिनमधला माल मोजून सिस्टीमशी ताडायचा, जुना माल आधी जातोय ना ते बघायचं. माझं मत भिवंडीच्या बाजूने आहे. दोन वर्षं माल हाताने मोजलास की पुढे कुठल्याही स्क्रीनवरचा आकडा खोटा असेल तर तुला लगेच कळेल.

पण दोन गोष्टी लेखी घे. पहिली, तू कंपनीच्या पे-रोलवर आहेस की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या. दुसरी, येण्याजाण्याची सोय. आमच्याकडून काशिमीरा, घोडबंदर रोड, ठाणे करत भिवंडी गाठायची म्हणजे जाम लागला की दोन-दोन तास जातात. कंपनीची बस हवीच. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर संरक्षण आणि घरापर्यंत वाहन द्यावं लागतं. हे विचारायला लाजू नकोस.

शिकणं थांबवू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत एक्सेल पक्कं कर, पिव्हट टेबल झोपेतही जमलं पाहिजे. मग सॅपचं मटेरियल मॅनेजमेंट. ई-वे बिलाचे नियम पाठ हवेत: राज्याबाहेर ५०,००० च्या वरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, आणि साध्या मालवाहू ट्रकसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत. मुदत संपली आणि गाडी वाटेत धरली गेली, तर दंड आणि खोळंबा दोन्ही. नोकरी करता करता बेलापूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा करता येतो. आणि स्वप्नं मोठी ठेव. १९६३ साली विहार तलावाकाठी सुरू झालेली नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथून बाहेर पडणाऱ्यांचं सरासरी पॅकेज वर्षाला २० लाखांच्या वर आहे. त्यांच्या वर्गात गोदामात दोन वर्षं घाम गाळलेली मुलगी बसली, तर ती मागे पडणार नाही.

पुढे काय, याचं उत्तर मला माझ्या दारातच दिसतं. आमच्या पेणकरपाड्याला लागूनच दहिसरचा नाका. जकात होती तेव्हा इथे ट्रकांच्या रांगा हायवेवर मागे दूरवर जायच्या; रात्री ड्रायव्हर गाडीखाली चादर अंथरून झोपलेले असायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. तोवर कर वाचवायला राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवणाऱ्या कंपन्या मग मोठी, एकत्र गोदामं बांधायला मोकळ्या झाल्या. भिवंडीच्या वाढीला त्याचा मोठा हातभार लागला. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरानंतर आता डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आहे, सुमारे ७६ हजार कोटींचं काम. तिथल्या मच्छीमारांनी आपल्या समुद्रासाठी त्याला विरोध केला आहे, आणि उद्या तू त्या बंदरावर काम केलंस तरी त्यांचं म्हणणं विसरू नकोस. पण या पट्ट्यात माल हलवणाऱ्या जाणत्या माणसांची गरज वाढणार, यात मला शंका नाही.

या कामाची किंमत पगारापलीकडेही आहे. १२ जानेवारी २०२१ ची पहाट मला आठवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डच्या पहिल्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. कुठे कूलिंग बंद पडलं की बाटली वाया. शास्त्रज्ञांनी लस केली, पण दंडापर्यंत ती पोचवली आपल्यासारख्यांनी, वेळापत्रक आणि थर्मामीटर हातात धरून.

एक शेवटचं. गोदामात माथाडी कामगारांना नावाने हाक मार. त्यांच्या कष्टाला कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. कुठली पेटी हलकी लागते, कुठली ओली आहे, हे त्यांच्या खांद्याला तुझ्या स्कॅनरच्या आधी कळतं. त्या पावसाळी संध्याकाळी झाकणांच्या पेट्या उतरवताना आमचा एक हमाल म्हणाला होता, "साहेब, खालच्या हलक्या वाटतात." मी ऐकलं नाही.

रविवारी दोन्ही पत्रं घेऊन ये, मामी तुझी वाट बघते आहे. जेवण झालं की एकेक ओळ वाचू आणि मग तुझं तू ठरव. पण सही करण्याआधी खालची पेटी उघडून बघ.

तुझा,
मामा