नेत्रतर्पण : विधी, काल आणि मर्यादा

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून अठराव्या अध्यायात तर्पण, पुटपाक, सेक, आश्च्योतन व अंजन हे क्रियाकल्प सांगितले आहेत. शार्ङ्गधरांनी त्यांत पिंडी व बिडालक यांची भर घातली. संगणकासमोर दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या नेत्ररूक्षतेमुळे आज तर्पणाची मागणी वाढली आहे. म्हणूनच त्याच्या विधीइतकीच निषेधाची उजळणीही आम्हांस अगत्याची वाटते.

विधी : कोष्ठ व शिर यांची शुद्धी झालेल्या रुग्णास, अन्न जिरल्यावर, वारा, ऊन व धूळ नसलेल्या खोलीत उताणे निजवावे. उडदाच्या पिठाची दोन अंगुळे उंच पाळी नेत्राभोवती बसवून ती गळत नाही याची खात्री करावी. घृत गरम पाण्यावर ठेवून पातळ करावे, थेट आचेवर नव्हे. कोमटपणा स्वतःच्या हातावर पडताळून, मिटलेल्या डोळ्यावर पापण्यांचे केस बुडेपर्यंत ते घालावे आणि मग रुग्णास हळूहळू उघडझाप करण्यास सांगावे.

काल : सुश्रुतमते स्वस्थास ५००, कफात ६००, पित्तात ८०० व वातात १००० मात्रा घृत धारण करावे. नंतर अपांगाकडून घृत काढून यवपिष्टाने नेत्र पुसावा. एक, तीन किंवा पाच दिवस हा क्रम चालतो. सुखाने झोप व जाग येणे, दृष्टीची निर्मलता आणि उघडझापीतील लाघव ही सम्यक् तर्पणाची लक्षणे होत. जडपणा, कंडू, चिकटपणा व स्राव वाढल्यास अतितर्पण झाले असे समजावे.

निषेध : ढगाळ, अतिउष्ण वा अतिशीत दिवस, चिंता, श्रम, भ्रम आणि उपद्रव शांत न झालेला नेत्र यांत तर्पण वर्ज्य आहे. शुष्काक्षिपाकात गुणकारी ठरणारे घृत आमावस्थेतील अभिष्यंदात लाली व स्राव वाढवते. ताजी शस्त्रक्रिया, जखम वा व्रण असलेल्या नेत्रातही ते टाळावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उपेक्षित अभिष्यंदातून अधिमंथ होतो. मिथ्योपचाराने कफज अधिमंथ सात, वातज सहा व रक्तज पाच रात्रींत, तर पित्तज तत्काळ दृष्टी नष्ट करतो, असा सुश्रुतांचा इशारा आहे. तीव्र वेदना, अर्धे डोके दुखणे, ओकारी, दिव्याभोवती रंगीत वलये व दृष्टिमांद्य ही लक्षणे लाल डोळ्यासोबत दिसताच तर्पणाचा विचार सोडून रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. असा रुग्ण वेळीच पाठवणे हा वैद्याचा कमीपणा नव्हे, ते शास्त्राज्ञेचेच पालन होय.

औषधनिर्मात्यांसाठी : त्रिफलाघृत वा जीवंत्यादिघृतात जलांश राहिल्यास ते लवकर बिघडते. सिद्ध घृताचा फेस शमलेला असावा आणि त्यात भिजवलेली वात तडतड न करता जळावी. तथापि पाक उत्तम झाला म्हणून घृत निर्जंतुक ठरत नाही. एका रुग्णासाठी वापरलेले घृत दुसऱ्यास कदापि वापरू नये. आश्च्योतनाचा काढा ताजा करून, अनेकपदरी स्वच्छ वस्त्रातून गाळून तत्क्षणी वापरावा. बाटलीत भरून विकू नये. नेत्रबिंदूंची निर्मिती परवानाप्राप्त निर्जंतुक व्यवस्थेतच व्हावी. बाजारातील सुरम्यात पुष्कळदा शिसे असते. परीक्षण न झालेले अंजन, विशेषतः बालकांसाठी, देऊ नये.

नेत्र हे तेजोमय इंद्रिय आहे. त्याच्या ठायी विधीची काटेकोरता हीच खरी चिकित्सा, असे आम्ही मानतो.