टर्मिनलमध्ये प्रोग्रामिंग : लिहा, तपासा, जपून ठेवा

टर्मिनलची काळी खिडकी उघडली की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. "सर, इथे माऊस चालत नाही, मग करायचं काय?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. उत्तर सोपं आहे : तीन कामं, तीन साधनं.

१) लिहिणे : व्हिम हा एडिटर ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचं मूळ बिल जॉय यांच्या व्हीआय या एडिटरमध्ये आहे. व्हिम उघडल्यावर तो आज्ञा घेण्याच्या अवस्थेत असतो, म्हणून 'आय' दाबल्यावरच मजकूर लिहिता येतो. लिहून झालं की एस्केप दाबा. मग कोलन, 'डब्ल्यू' आणि एंटर म्हणजे सेव्ह. कोलन, 'क्यू' आणि एंटर म्हणजे बाहेर.

२) तपासणे : सेव्ह करून कंट्रोल-झेड दाबा. व्हिम बंद होत नाही, नुसता थांबतो. आता जीसीसीने प्रोग्राम कंपाइल करा, चालवून बघा आणि 'एफजी' लिहून एंटर दाबा. व्हिम पुन्हा समोर! फाइली जास्त असतील तर 'मेक' वापरा. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहून तो गरजेपुरतंच पुन्हा कंपाइल करतो.

३) जपून ठेवणे : प्रोग्राम नीट चालला की गिटमध्ये कमिट करा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केलं. पुढे काही बिघडलं, तरी चालणारी जुनी प्रत हाताशी राहते.

ही फेरी लहान ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने दोनशे ओळी एका दमात लिहिल्या आणि मग पहिल्यांदा कंपाइल केलं. स्क्रीनभर चुका! ती शेवटच्या चुकीपासून दुरुस्त करत बसली, तास संपला आणि डोळ्यांत पाणी आलं. आम्ही वर जाऊन पहिली चूक वाचली : स्ट्रक्चरच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. तो दिला आणि बाकीच्या बहुतेक चुका आपोआप गेल्या. म्हणून पाच-दहा ओळी लिहा, कंपाइल करा आणि नेहमी पहिली चूक आधी वाचा. कंपाइलर रागावत नाही, तो फक्त जागा दाखवतो.

स्वाध्याय : दोन संख्यांच्या बेरजेचा प्रोग्राम लिहा. मुद्दाम एक अर्धविराम काढून कंपाइल करा. कंपाइलर कोणत्या ओळीचा क्रमांक देतो? चूक त्याच ओळीत आहे की आधीच्या? निरीक्षण वहीत लिहून आणा.