कापसाचा बर्फ आणि हरभऱ्याचे घाटे

रात्री साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘विंटर ॲक्टिव्हिटी आहे, उद्या स्नोमॅन करून आणणे.’ घरात कापूस असतो तो देवाच्या वातींपुरता. मग कुणीतरी चपला पायात सरकवून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे पळतं. तिथे आपल्यासारखेच आणखी चार आईबाबा, शटर खाली यायच्या आत टिकल्या मागत उभे!

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मूल फेव्हिकॉल बोटांवर वाळवून त्याची सालं सोलत बसतं, आपली नजर घड्याळावर, आणि शेवटी तोंडातून निघतंच, ‘सरक, दे इकडे, मी चिकटवते.’ अकरा वाजता स्नोमॅन तयार होतो. गळ्यात मफलर, नाकाला गाजर, सगळं जिथल्या तिथे. मूल मात्र सोफ्यावर झोपलेलं.

बाकीच्यांचं छान असेल, आपलंच लेंगडं दिसेल, बाई काय म्हणतील, ही धास्ती बहुतेक वेळा आपली असते. मुलाची धास्ती निराळी. बाईंनी कौतुकाने ‘तू केलंस?’ विचारलं की ‘हो’ म्हणायचं कसं? आणि ज्याने खरंच स्वतः केलंय, त्याने आपला वाकडा स्नोमॅन पाठीमागे धरलेला असतो.

स्नोमॅनशी माझं भांडण नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला. त्यांचा हिवाळा उललेल्या ओठांत आहे, बाजारातल्या मटारच्या ढिगाऱ्यात आहे, न्हाणीघरात थिजलेल्या खोबरेल तेलात आहे. तो हातात द्यायला दुकानात जावं लागत नाही.

तेलाचंच घ्या. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठू लागतं. रात्री तीन वाट्यांत खोबरेल, शेंगदाण्याचं तेल आणि पातळ केलेलं तूप घालून खिडकीत ठेवायला सांगा. ‘सकाळी काय होईल?’ एवढं विचारायचं आणि उत्तर द्यायचं नाही. हे आपल्याला फार जड जातं, कारण आपल्याला उत्तर येत असतं! सकाळी मूल बोट बुडवून बघेल, शेंगदाण्याचं तसंच पातळ का राहिलं म्हणून भुणभुण लावेल. डबा भरता भरता ‘तुला काय वाटतं?’ म्हटलं तरी पुरे.

सुट्टीच्या दिवशी गच्चीवर एक काठी उभी करून तिची सावली खडूने आखता येते. डिसेंबरच्या 21-22 तारखेला पुण्यासारख्या ठिकाणी, घड्याळात साधारण साडेबारा वाजता, मीटरभर काठीची सावली जवळजवळ 90 सेंटिमीटर पडते. तीच काठी मेच्या मध्यावर उभी केली तर एका दुपारी सावली नाहीशीच होते. सकाळच्या शाळेची मुलं तर आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, ‘बाईंनी सांगितलं दिवस मोठा होतोय, मग संक्रांत आली तरी मला अंधारातच का उठवतेस?’ मूल बरोबर असतं. दिवस वाढू लागतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. आपल्या भागात सूर्य सगळ्यांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याच्या पुढेमागे. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजचा सूर्योदय बघून मुलाला वहीत उतरवू दे.

आणि घाटे! हिरव्या हरभऱ्याची जुडी आणून पेपरवर टाका. ताज्या पाल्याला हात लावून बोट चाटलं की आंबट लागतं, ती हरभऱ्याची आंब. एका घाट्यात एक दाणा की दोन, हे मोजता मोजता गणित होतं. मटार, पावटे सोलताना चिमटीत जोर येतो, तोच पुढे पेन्सिल धरायला कामी येतो. निम्मे दाणे तोंडात जातील, जाऊ देत. भोगीची भाजी आपण सोललेल्या दाण्यांची आहे म्हटल्यावर वांग्याला नाक मुरडणारंसुद्धा एखादा घास खातं. सगळीच खातील असं नाही, हेही सांगून ठेवते.

हे शाळेतही होऊ शकतं. पण पालकसभेत तक्रारीच्या सुरात नको. बाईंपुढे चाळीस-पन्नास मुलं असतात आणि त्यांनाही वरून आलेलं वेळापत्रक असतं. ‘या वेळी कापसाऐवजी प्रत्येकाने मूठभर घाटे आणले तर? जुड्या आम्ही दोघीतिघी आणून देतो,’ असं म्हटलं तर बाईंचं ओझं हलकं होतं. हरभरा चालत नसेल अशा मुलाची आधी चौकशी करा, आणि पहिली-दुसरीतली चिमुरडी दाणे नाकात घालतात, तेव्हा जवळ एक मोठं माणूस हवंच.

‘टरफलांचा कचरा कोण काढणार?’ हा प्रश्न ग्रुपवर येईलच. एक केरसुणी, एक सुपली आणि मुलांच्या दोन जोड्या, एवढं लिहून टाका.