कुडाची भिंत गार का लागते?



मे महिन्यात आपल्या मंगरूळपीर भागात पारा ४० अंशांच्या वर जातो. दुपारी टिनाच्या खोलीत बसवत नाही. तान्ह्या लेकराचा पाळणा बाहेर निंबाखाली न्यावा लागतो. पण ज्यांच्या घरी जुनी कुडाची खोली अजून उभी आहे, तिथली आजी म्हणते, "बाबू, कुडाच्या खोलीत जाय, तिथं थंडं वाटते." आजीचे म्हणणे खरे आहे का? चला, तपासून पाहू.

कुड म्हणजे तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची भिंत. काड्या उभ्या लावून आडव्या काड्यांनी बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपतात. मातीत कुटार टाकून गारा पायाने चांगला तुडवतात. कुटार दोन कामे करते. पहिले काम म्हणजे माती धरून ठेवणे. नुसती माती वाळली की तडकते, कुटाराची माती कमी तडकते. स्लॅबमध्ये लोखंडी सळई जसे काम करते, तसेच हे. दोन वेगळे पदार्थ एकत्र येऊन एकमेकांची उणीव भरून काढतात, त्याला संमिश्र पदार्थ म्हणतात.

दुसरे काम उष्णता अडवण्याचे. काडी आतून पोकळ किंवा भुसभुशीत असते. तिच्यात हवा कोंडलेली असते. कोंडलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. लोखंडातून ती हवेच्या मानाने हजारपटीहून अधिक सहज जाते! म्हणून टिन तापले की लगेच खाली आग ओकू लागते. बर्फवाला बर्फ भुशात अन् गोणपाटात का गुंडाळतो, ते आता सांगा बरं! भुसा बर्फाला थंड करत नाही, तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. थंडीत गोधडी हेच काम उलट बाजूने करते.

ही युक्ती फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. इतकी शतके तो गिलावा टिकला!

आता नवीन गोष्ट ऐका. मुंबईला १९२४ साली सुरू झालेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथे पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळून, गरम यंत्रात दाबून फळ्या बनवण्याची पद्धत तयार झाली. त्या फळ्या दारांना, कपाटांना आणि छताखाली लावायला चालतात. एक हेक्टर कपाशीतून सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. आपण मात्र पुष्कळदा ती बांधावर जाळून टाकतो.

मग टिन काढून टाकायचे का? नाही. टिन पावसाला चांगले. कुडाला ओल आणि उधई लागते, म्हणून भिंतीखाली दगडी जोते हवे. उघड्या काड्यांना आगीचे भय असते, म्हणून त्या मातीने पूर्ण लिंपाव्या आणि चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्या. पण टिनाखाली थोडी मोकळी जागा सोडून, लिंपलेल्या तुराट्यांची ताटी बांधली, तर वरची उष्णता खाली कमी येईल. पाळणा घरातच ठेवता येईल.

करून पाहा

टिनाचे तीन सारखे डबे घ्या.
१) पहिला तसाच ठेवा.
२) दुसऱ्याला बाहेरून दोन बोटे जाड नुसत्या मातीचा लेप द्या.
३) तिसऱ्याला तेवढाच जाड कुटाराच्या मातीचा लेप द्या. लेप झाकणांनाही द्या.

लेप आठ दिवस पूर्ण वाळू द्या. ओला राहिला तर पाणी उडताना डबा गार होईल आणि प्रयोग चुकेल. मग तिन्हींत सारखे पाणी भरून, झाकून उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने तापमापीने तपमान पाहून वहीत लिहा. असे दोन तास करा. उघडा डबा कापडाने धरा, चटका बसेल.

सांगा पाहू

१) कोणत्या डब्यातले पाणी सर्वांत आधी तापले?
२) कोणत्या लेपाला जास्त तडे गेले?
३) तुमच्या शेतातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांचे यंदा काय झाले? घरी विचारून या.

आणि हो, आजीला विचारायला विसरू नका : गाऱ्यात कुटार किती टाकायचे? ते तिला नक्की माहीत असेल. तिचे उत्तर वहीत लिहून आणा, पुढच्या अंकात लावू.